वय विचारावें कीं यकृत?

“आतां या वयांत कशाला?” हें वाक्य आपल्या घराघरांतून जितक्या सहजपणें बोललें जातें, तितकें दुसरें क्वचितच बोललें जात असेल. साठी उलटलेल्या काकांनीं पोहावयास शिकण्याचा बेत केला, आत्याबाईंनीं संगणकाच्या वर्गांत नांव घातलें, आजोबांनीं दातांची कवळी नवी करावयाची म्हटली, कीं घरांतील कोणी ना कोणी तें उच्चारतोच. आणि उच्चारणारा बहुधा प्रेमळच असतो. कवळीच्या बाबतींत त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु मोतीबिंदूवरील आमच्या मागील लेखानंतर जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं तिहींत हेंच वाक्य यकृताच्या कर्करोगासंबंधानें आढळलें. “वडिलांचें वय ७८. सोनोग्राफींत यकृतावर गांठ दिसली. शस्त्रक्रिया होण्यासारखी आहे असें डॉक्टर म्हणतात, परंतु आतां या वयांत कशाला, असें आम्हां सर्वांचें मत पडलें,” असा एका पत्राचा मजकूर आहे. या ‘आम्हां सर्वां’त खुद्द वडील आहेत किंवा नाहींत, याविषयीं पत्रांत एक अक्षरही नाहीं.

आम्ही वैद्य नव्हे. आमचा जन्म मुलांकडून शब्दांचीं रूपें घोकून घेण्यांत गेला. तथापि गेल्या कांहीं वर्षांत आमच्या निकटच्या दोन माणसांना हा रोग झाला, आणि दोघांच्याही वेळीं रुग्णालयाच्या बांकावर बसण्याचें काम आमच्याकडे आलें. तेथें बसून जें पाहिलें, डॉक्टरांना विचारून जें समजून घेतलें आणि मागाहून वाचून जें ताडून पाहिलें, तेवढेंच येथें मांडतों. औषधयोजना ज्याची त्यानें आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावी.

अमरकोशांत यकृताला ‘कालखंड’ असा पर्याय दिला आहे. तेथें काल म्हणजे काळा आणि खंड म्हणजे तुकडा; पोटांतला काळसर गोळा, एवढाच त्याचा अर्थ. मराठींत मात्र कालखंड म्हणजे काळाचा तुकडा. वर्गांत हा शब्द आला कीं मुलें हंसत व आम्हीही हंसत असूं. पुढें शस्त्रवैद्यासमोर बसण्याची पाळी आली तेव्हां ध्यानांत आलें, कीं तेथें हे दोन्ही अर्थ एकाच प्रश्नांत येऊन बसतात: गोळ्याचा किती तुकडा राखतां येईल, आणि त्यामुळें काळाचा किती तुकडा पदरांत पडेल?

उजव्या बरगड्यांखालीं वसलेला हा सव्वा ते दीड किलोचा अवयव एका बाबतींत साऱ्या शरीरांत अलौकिक आहे. निरोगी यकृताचा पाऊण हिस्सा कापून काढला तरी उरलेल्या पावावर माणूस जगतो, आणि तो पाव हिस्सा कांहीं आठवड्यांत व महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीच्या आकाराला येतो. कापलेला भाग झाडाच्या फांदीसारखा पुन्हा फुटत नाहीं. राहिलेला भागच थोर होतो. परंतु कर्करोग निरोगी यकृतांत क्वचितच उपजतो. बहुधा तो वर्षानुवर्षें सुजून, व्रण पडून, निबर झालेल्या यकृतांत उपजतो. या निबरपणाला डॉक्टर सिरॉसिस म्हणतात. निबर यकृताची वाढण्याची शक्ति मंदावलेली असते. त्याचा निदान चाळीस टक्के भाग राखावा लागतो, आणि कित्येकदां तेवढ्यानेंही भागत नाहीं. म्हणजे रोग एक नसून दोन: एक गांठ, आणि दुसरी ती गांठ जींत रुजली ती जमीन. गांठ काढतां येते. जमीन तीच राहते. (मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचें बीज यकृतांत येऊन पडतें तो प्रकार निराळा. तेथें जमीन बहुधा चांगली असते आणि हिशेबही निराळा असतो. आम्ही येथें यकृतांतच उपजणाऱ्या कर्करोगाविषयीं बोलत आहों.)

येथें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या मनांत आलेला प्रश्न आम्हांला ऐकूं येतो: “आमच्या घराण्यांत मद्याला कोणीं शिवलेलें नाहीं, मग यकृत कसें बिघडावें?” या एका समजुतीनें पुष्कळ घरांत रोग लपविला गेला आहे. निदान सांगितलें कीं लोक भलतेंच समजतील, म्हणून “पोटाचा विकार” म्हणावयाचें! वास्तविक यकृत निबर होण्यास मद्य हें एकच कारण नव्हे. ज्याला लोक पांढरी कावीळ म्हणतात तो ब प्रकारचा विषाणु आणि त्याचा भाऊबंद क विषाणु, हे दोघेही रक्तावाटे शिरून तीस-तीस वर्षें मुकाट्यानें यकृत पोखरतात. आमच्या पिढीच्या लहानपणीं दवाखान्यांत कांचेची एकच पिचकारी घाईनें उकळून दहा जणांना टोंचीत असत, हें वाचकांना स्मरत असेल. क विषाणूची ओळख तर १९८९ सालीं पटली. त्यापूर्वीं ज्यांना शस्त्रक्रियेंत किंवा बाळंतपणांत दुसऱ्याचें रक्त चढविलें, त्या रक्ताची ही परीक्षा होणेंच शक्य नव्हतें. आणि तिसरें कारण तर आमच्या पंक्तींतच बसलेलें आहे: मधुमेह, सुटलेलें पोट, आणि त्यांमुळें यकृतांत सांठणारी चरबी. भुईमुगाच्या दाण्यांवर किंवा मक्यावर येणाऱ्या एका बुरशीचें विषही याच कामाचें आहे. तेव्हां बुरशी आलेले दाणे निवडून, भाजून, कूट करून संपविण्याची काटकसर गृहिणींनीं करूं नये.

क विषाणूवर आतां बहुधा बारा आठवडे गोळ्या घेऊन शंभरांत पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. राष्ट्रीय कार्यक्रमाखालीं २०१८ पासून सरकारी केंद्रांत या गोळ्या विनामूल्य मिळतात. परंतु यकृत एकदां निबर झालें म्हणजे विषाणु गेला तरी धोका राहतो. म्हणून दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करावी असें तज्ज्ञ सांगतात. ज्यांची गांठ अशा नेमाच्या तपासणींत सांपडते, त्यांच्यापुढें शस्त्रक्रियेचा प्रश्न तरी उभा राहतो. दुखूं लागल्यावर जे जातात, त्यांच्यापुढें बहुतेक वेळां तोही राहत नाहीं.

आतां शस्त्रक्रियेविषयीं. यकृत म्हणजे रक्तानें भिजलेला स्पंज. त्याला सुरी लावणें म्हणजे रुग्णाला रक्तस्रावानें मारणें, अशी समजूत शस्त्रवैद्यांत दीर्घकाळ होती आणि ती निराधार नव्हती. १९०८ सालीं ग्लासगो येथील प्रिंगल या शस्त्रवैद्यानें दाखविलें, कीं यकृतांत शिरणाऱ्या रक्तवाहिन्यांचा देंठ अंगठा व बोट यांच्या चिमटींत धरला तर रक्त कांहीं वेळ थांबवितां येतें. १९५७ सालीं कुइनो या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें यकृताचे आठ विभाग दाखवून दिले. प्रत्येकाला रक्त आणणारी शाखा आपापली. म्हणजे वरून एकसंध दिसणारा हा गोळा वस्तुतः मोसंबासारखा फोडींचा आहे, आणि फोड ओळखून काढली तर शेजारच्या फोडीला इजा न होतां काढतां येते. पुढें जपानांतील माकुउची यांनीं शस्त्रक्रिया चालू असतांनाच यकृतावर सोनोग्राफीचें यंत्र ठेवून आंतील शाखा पाहण्याची रीत घालून दिली.

या जपानचा थोडा विस्तार करतों, कारण आमच्या प्रश्नाचें उत्तर तेथें आहे. क विषाणूचा प्रसार तेथें आपल्याकडच्यापूर्वीं झाला. त्यामुळें तेथील रुग्णही वयोवृद्ध. सत्तरी ओलांडलेला रुग्ण तेथील शस्त्रवैद्याला नवलाचा वाटत नाहीं. कोणाला कापावें, किती कापावें आणि कोणाला मुळींच कापूं नये, याचा निर्णय करण्यासाठीं माकुउची यांनीं एक निर्णयवृक्ष तयार केला. त्याचा पहिला प्रश्न: पोटांत पाणी, म्हणजे जलोदर, आहे काय? औषधांनीं आवरत नसेल तर शस्त्र खालीं ठेवावें. दुसरा प्रश्न: रक्तांत काविळीचें पित्त किती? अधिक असेल तरी शस्त्र खालीं ठेवावें. तिसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. रुग्णाच्या शिरेंत एक हिरवा रंग टोंचतात आणि पंधरा मिनिटांनीं पाहतात, कीं यकृतानें त्यांतला किती उचलला व किती रक्तांत राहिला. शंभरांत दहाहून कमी राहिला तर मोठा भाग काढण्यास हरकत नाहीं; दहा ते वीस राहिला तर त्याहून लहान; वीस-तीस राहिला तर एखादी फोड; त्यापुढें नुसती गांठ कोरून काढावी. या पद्धतीनें चालून टोकिओच्या विद्यापीठांत त्यांच्या पथकानें आठ वर्षांत १०५६ यकृतशस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत एकही रुग्ण दगावला नाहीं. हा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. रुग्ण सर्व वयांचे होते, आणि टोकिओचे आंकडे सर्वत्र लागू करतां येत नाहींत, हें खरें. परंतु त्या वृक्षाकडे पुन्हा एकवार पहावें. त्यांत जलोदर आहे, पित्त आहे, हिरवा रंग आहे, वय नाहीं.

याचा अर्थ वयाला कांहींच किंमत नाहीं असा कोणी करूं नये. म्हातारपणीं यकृताचें आकारमान शेंकडा २० ते ४० नें घटतें, त्यांतून वाहणारें रक्तही सुमारें तृतीयांशानें कमी होतें, आणि कापल्यानंतरची वाढ सावकाश होते. तरीही यकृत हा अवयव मूत्रपिंडापेक्षां वार्धक्य चांगलें सोसतो. ऐशी वर्षांहून अधिक वयाच्या मृत दात्यांचीं यकृतें दुसऱ्यांच्या शरीरांत बसवून तीं वर्षानुवर्षें चालल्याचीं उदाहरणें युरोपांत पुष्कळ आहेत. वृद्ध रुग्ण धोक्यांत येतो तो बहुधा इतर बाजूंनीं: हृदय, फुप्फुसें, मूत्रपिंडें, झिजलेले स्नायु आणि रात्रींचा भ्रम. म्हणून जाणते डॉक्टर जन्मतारखेपेक्षां माणसाची चाल अधिक लक्षपूर्वक पाहतात. त्यांची एक साधी परीक्षा अशी: खुर्चींतून उठावें, तीन मीटर चालावें, वळून परत यावें व बसावें. बारा सेकंदांहून अधिक लागले तर पाय दुबळे, पडण्याचा धोका अधिक, असें समजतात. ७९ व्या वर्षीं ही परीक्षा नऊ सेकंदांत देणारे आमच्या पाहण्यांत आहेत, आणि ६२ व्या वर्षीं नापास होणारेही आहेत.

आतां त्या दोन माणसांविषयीं.

आमचे मामेसासरे ८१ वर्षांचे होते. साऱ्या घरांत त्यांना मामा म्हणत. यकृत निबर, पोटांत पाणी होऊन औषधानें दोनदां उतरविलेलें, त्यांत गांठ. तीन रुग्णालयांनीं कापण्याचें नाकारलें. परंतु मुलें कर्तीं, पैसा होता, आणि “आम्हीं कांहीं बाकी ठेवलें नाहीं” असें पुढें म्हणतां यावें ही इच्छा होती. चौथ्या ठिकाणीं होकार मिळाला. मामांना सांगण्यांत आलें होतें, कीं पित्ताशयांत खडा आहे. घरांतून निघतांना त्यांनीं बजावलें, “शनिवारीं परत येईन, तोंवर माझ्या टपालाला कोणीं हात लावूं नका.” शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशीं डोळे पिवळे झाले, आठव्या दिवसापासून गुंगी आली, एकोणिसाव्या दिवशीं सर्व आटोपलें. त्या मधल्या दिवसांत मुलांशीं एक सलग वाक्य बोलण्याइतकी शुद्ध त्यांना आली नाहीं. त्यांना मृत्युपत्रांत एक बदल करावयाचा होता आणि धाकट्या भावाला भेटावयाचें होतें, हें मागाहून कळलें. ८१ हें वय त्यांना नडलें नाहीं. नडला तो जलोदर, जो त्या वृक्षाच्या अगदीं बुंध्याशीं लिहिलेला आहे. आणि त्यांची जी हानि झाली असें आम्हांला वाटतें, ती त्या एकोणीस दिवसांहून मोठी आहे.

दुसरे आमचे स्नेही, एका कचेरींतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, वय ७६. घरांत त्यांना अण्णा म्हणतात. क विषाणूवर उपचार झालेले, यकृत निबर परंतु काम करणारें, आणि नेमाच्या सोनोग्राफींत साडेतीन सेंटिमीटरची गांठ सांपडली. त्यांचे दोन्ही चिरंजीव परदेशीं. दोघांचा दूरध्वनि आला, “अण्णांना सांगूं नका, ते खचतील.” सूनबाई येथें सासऱ्यांजवळ राहतात. त्या म्हणाल्या, “शरीर मामंजींचें आहे. त्यांना सांगितल्यावांचून मी कोठेंही सही करणार नाहीं.” आणि त्याच सायंकाळीं दिवा लावून झाल्यावर त्यांनीं सारें स्वच्छ सांगितलें.

अण्णा दोन तास गप्प बसले. मग एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेऊन त्यांनीं प्रश्न लिहिले. ती पत्रिका आम्हीं पाहिली आहे. किती काढणार आणि किती उरणार? या रुग्णालयांत वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, आणि पंचाहत्तरीपुढच्या किती? न काढल्यास काय होईल आणि किती दिवसांत? पुन्हा पर्वती चढावयास किती महिने? आणि शेवटचा, दोनदां खोडून लिहिलेला: विपरीत घडलें तर मला यंत्रावर किती दिवस ठेवाल? शस्त्रवैद्य तरुण होते, चाळिशींतले असतील. त्यांनीं ती पत्रिका हातांत घेतली, आणि बाहेर रांग असतां अर्धा तास देऊन एकेका प्रश्नाचें उत्तर दिलें. पर्वतीचें उत्तर त्यांनीं “सहा आठवडे” असें दिलें. तेवढें मात्र चुकलें, प्रत्यक्षांत चार महिने लागले.

धाकटे चिरंजीव मग विमानानें आले व म्हणाले, कीं सबंध यकृतच बदलावें, माझा अर्धा भाग घ्या. आपल्या देशांत यकृतारोपण बहुतांशीं असेंच, जिवंत आप्तानें दिलेल्या भागावर होतें, आणि लहान गांठींना तो उत्तम उपाय आहे, कारण त्यांत गांठीबरोबर जमीनही पालटते. परंतु सत्तरीच्या आसपास बहुतेक ठिकाणीं त्याची मर्यादा येते. आणि देणाऱ्याच्या जिवालाही थोडा का होईना धोका असतोच. डॉक्टरांनीं उत्तर देण्यापूर्वींच अण्णा म्हणाले, “ययातीची गोष्ट आम्हीं लहानपणीं वाचली आहे. पुढचा मुद्दा बोला.”

शस्त्रक्रिया करावयाची असें त्यांनीं स्वतः ठरविलें. तिला तीन आठवडे अवकाश होता, आणि या तीन आठवड्यांचें महत्त्व आम्हांला प्रथमच कळलें. रोज दोन वेळां चालणें, तीन चेंडूंच्या यंत्रांतून श्वास ओढणें, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांत कफ सांठत नाहीं, आणि आहार. यकृताच्या रुग्णाला डाळी व दूध वर्ज्य, नुसता मऊ भात द्यावा, ही समजूत आतां टाकून दिली पाहिजे. सिरॉसिस असलेल्या माणसाला दर किलो वजनामागें १·२ ते १·५ ग्रॅम प्रथिनें रोज लागतात. साठ किलोच्या माणसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणांत तीं सहा-सात ग्रॅमच असतात, हें ऐकून सूनबाई चकित झाल्या. मग उसळी, दहीं, पनीर, सोयाबीनचें पीठ, अशी जुळणी त्यांनीं केली. अंड्याचा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या देवघराकडे पाहून सोडवावा. आम्ही त्यांत पडत नाहीं.

उपासाच्या बाबतींत मात्र आम्ही स्पष्ट बोलतों. निबर यकृताला साखरेचा सांठा धरवत नाहीं. पोट दहा-बारा तास रिकामें राहिलें कीं शरीर आपल्याच स्नायूंचें मांस वितळवून गरज भागवितें. म्हणून अशा रुग्णाला निजण्यापूर्वींही कांहीं खावयास देतात. तेथें निर्जळी एकादशी म्हणजे पायांतली शक्ति स्वहस्तें काढून देणें होय. अण्णांनीं चाळीस वर्षांची एकादशी सोडली, ती आपद्धर्म म्हणून, कोणाला न विचारतां. ज्या घरांत आजी ऐकत नाहींत, तेथें उपाध्यायांनीं त्यांना हें सांगावें. डॉक्टरपेक्षां त्यांचें ऐकलें जाईल.

काढ्यांविषयींही एक शब्द. जें जें पोटांत जातें तें तें डॉक्टरांना सांगावें. २०२१ सालीं मुंबईंतील तज्ज्ञांनीं गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या कांहीं रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयानें तो निष्कर्ष मान्य केला नाहीं. तो वाद विद्वानांनीं सोडवावा. शस्त्रक्रियेच्या तोंडावर मात्र कोणताही काढा डॉक्टरांपासून लपवून घेणें हें शहाणपण नव्हे, मग तो कितीही जुन्या ग्रंथांतला असो.

शस्त्रक्रिया चार तास चालली. तिसऱ्या रात्रीं अण्णांनीं परिचारिकेला आपली कनिष्ठ कारकून समजून, फाइल हरवल्याबद्दल अस्खलित इंग्रजींत खडसावलें. घरचीं माणसें भेदरलीं. वेड लागलें असें एकजण म्हणालाही. असा भ्रम वृद्धांना मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वरचेवर होतो. कारण शोधून दूर केलें कीं बहुधा कांहीं दिवसांत ओसरतो. त्यावर घरच्यांच्या हातांत असलेले उपाय साधे आहेत: चष्मा व कानांतलें यंत्र ताबडतोब परत द्यावें, भिंतीवरचें घड्याळ दिसेल असें ठेवावें, दिवसा उजेड व रात्रीं अंधार असावा, दुसऱ्या दिवसापासून उठवून बसवावें, आणि शेजारीं ओळखीचा आवाज असावा. आमची नेमणूक त्या आवाजासाठीं झाली होती. दोन रात्रीं आम्ही त्यांच्या कचेरींतल्या जुन्या साहेबांच्या आठवणी काढीत बसलों, तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं विचारलें, “मी कोणाला कांहीं वावगें बोललों काय?” आणि परिचारिकेची क्षमा मागितली.

अण्णांनीं होकार दिला म्हणून प्रत्येकानें द्यावा, असें नाहीं. आमच्या तीन पत्रलेखकांपैकीं एका भगिनीच्या मातोश्री ८२ वर्षांच्या आहेत. गांठ दोन सेंटिमीटरची. शस्त्रक्रिया शक्य होती. मातोश्री म्हणाल्या, “नातीचें लग्न अडीच महिन्यांवर आहे, मला त्या वेळीं खाटेवर पडावयाचें नाहीं.” मग सोनोग्राफींत पाहत पाहत गांठींत सुई घालून ती उष्णतेनें जाळली. एवढ्या लहान गांठींत हा उपाय शस्त्रक्रियेच्या तोडीचा मानतात. ज्यांना हेंही शक्य नसतें त्यांच्यासाठीं गांठीची रक्तवाहिनी औषध सोडून बुजविणें, २००७ पासून उपलब्ध झालेल्या गोळ्या, आणि २०२० पासून प्रचारांत आलेलीं प्रतिकारशक्ति जागविणारीं औषधें आहेत. तीं रोग आटोक्यांत ठेवतात, मुळासकट क्वचितच काढतात. या पत्रांतली जी गोष्ट आम्हांला विशेष वाटली ती ही, कीं आईला विचारलें गेलें. पुरुषाला निदान “काय करूं या?” असें म्हणण्याचा देखावा तरी होतो. वृद्ध स्त्रीच्या बाबतींत, आणि ती विधवा असली तर अधिकच, तिच्या खोलीचें दार लोटून घेऊन बाहेर सर्व ठरतें. ती सही करते तेथें, जेथें बोट ठेवून दाखवितात.

पहिल्या पत्रलेखकांनीं खर्चाचीही अडचण लिहिली आहे. त्यांना सांगावयाचें कीं, आयुष्मान भारत योजना २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षें पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहतां, खुली झाली आहे. कुटुंबामागें वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत. कोणत्या रुग्णालयांत कोणती शस्त्रक्रिया तींत बसते याची चौकशी आधींच करावी, आणि ज्येष्ठांचें कार्ड प्रकृति चांगली असतांनाच काढून ठेवावें. रुग्णालय निवडतांना इमारतीकडे पाहूं नये. तेथें शस्त्रवैद्य, यकृतरोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय करतात काय, एवढें विचारावें. एकच मनुष्य पांच मिनिटांत “कापूं या” किंवा “आतां या वयांत कशाला” म्हणत असेल, तर दुसरें मत घ्यावें.

आणि शस्त्रक्रियेच्या आधींच समजून घ्यावयाची एक गोष्ट. जमीन तीच राहिल्यामुळें यकृतांत नवी गांठ उगवणें हें नेहमींचें आहे. पांच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत ती उगवते. म्हणून पुढें दर तीन ते सहा महिन्यांनीं तपासणी चुकवून चालत नाहीं. अण्णांचे असे पांच फेरे झाले. चौथ्या फेऱ्यांत सव्वा सेंटिमीटरचा ठिपका दिसला. तो सुईनें जाळला आणि दोन रात्रींत ते घरीं आले. त्या दिवशींही त्यांनीं लग्नपत्रिकेच्या पाठीवर प्रश्न लिहून नेले होते, या वेळीं तीनच. पुढचा फेरा मार्गशीर्षांत आहे. त्याची तारीख त्यांनीं आपल्या पंचांगांत लिहिली आहे, आणि सूनबाईंनीं स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर.